सासऱ्याकडे पैसे न मागण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

प्रस्तुत मार्गदर्शिका सरळमार्गी, पापभीरू आणि पैशांच्या घोळात सापडलेल्या विवाहित गृहस्थांसाठी आहे. सराईत गुन्हेगारांनी ती वाचू नये. त्यांच्याकडे याहून बऱ्या पद्धती असतात. अविवाहितांनाही तिचा उपयोग नाही, कारण सासरा हा घटक येथे अनिवार्य आहे.

पद्धतीचे आद्य प्रवर्तक श्री. जेरी लुंडेगार्ड. मुक्काम मिनियापोलिस, अमेरिका. काळ १९८७ चा हिवाळा. पेशा मोटारविक्री. जोएल आणि ईथन कोएन या मिनियापोलिसच्याच उपनगरात वाढलेल्या भावांनी ‘फार्गो’ (१९९६) या चित्रपटासाठी त्यांना जन्माला घातले आणि विल्यम एच. मेसी यांनी त्यांना चेहरा दिला. तो चेहरा सतत हसतो आणि हसताना आतल्या आत हिशेब करत असतो.

मार्गदर्शिकेचे तात्कालिक कारण मात्र आमचे थोरले साडू. ते दर रविवारी अण्णांकडे, म्हणजे आम्हा दोघांच्या सासऱ्यांकडे, एक विषय काढायला जातात आणि पावसापाण्यावर बोलून परत येतात. अण्णा जिल्हा परिषदेतून लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झाले. साडूंचा व्यवसाय कोणता, हे घरात कोणीच एका वाक्यात सांगू शकत नाही. मध्यंतरी प्लॉट होते, मग जुन्या गाड्या, मग सौरपंप. किती अडकलेत म्हणून विचारले की “होऊन जाईल” म्हणतात. त्यांना हा चित्रपट मी मुद्दाम दाखवला. संपल्यावर सुस्कारा सोडून म्हणाले, “बिचाऱ्याला माणसं चांगली मिळाली नाहीत.”

तेव्हा रीतसर मांडणी केल्यावाचून गत्यंतर उरले नाही.

साहित्य

सासरा, एक (पैसेवाला, जावयाबद्दलचे मत लग्नातच पक्के झालेला). बायको, एक (तिला काहीही ठाऊक नसावे). सासऱ्याच्याच शोरूममध्ये नोकरी. मोटारगाडी, एक, नवी, आपली नसलेली. भाडोत्री गुंड, दोन, आपसांत न पटणारे. बर्फ, लागेल तसा. बर्फ कमी पडल्यास घाबरू नये. खुद्द चित्रीकरणाच्या हिवाळ्यात मिनेसोटात तो पुरेसा पडला नाही आणि सगळे बिऱ्हाड उचलून शेजारच्या नॉर्थ डकोटात न्यावे लागले.

नियम १ : अडचण कसली आहे, ते कोणालाही सांगू नये

जेरी हे सासरे वेड गुस्टाफसन यांच्या शोरूममध्ये विक्री व्यवस्थापक आहेत. त्यांनी अस्तित्वातच नसलेल्या गाड्यांवर जनरल मोटर्सच्या वित्तकंपनीकडून ३,२०,००० डॉलर उचलले आहेत.

येथे थोडी तांत्रिक माहिती. शोरूममध्ये ओळीने उभ्या असलेल्या गाड्या मालकाने स्वतःच्या खिशातून भरलेल्या असतातच असे नाही. वित्तकंपनी एकेका गाडीवर, तिच्या क्रमांकाच्या आधारावर, पैसे देते आणि गाडी विकली गेली की वसूल करते. म्हणजे सगळा जीव त्या क्रमांकात. जेरी क्रमांकांचा कागदच असा पाठवतात की एक आकडा लागेल तर शपथ. कंपनीचा माणूस फोनवर शांतपणे सांगतो की वाचता येत नाही. जेरी तितक्याच गोडीने सांगतात की पैसे तर केव्हाच मिळालेत, मग आता कशाला. पुन्हा पाठवतो म्हणतात. फिकट झेरॉक्सचे सामर्थ्य आमच्या साडूंना समजावावे लागले नाही. त्या प्रसंगाला ते खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

एवढे पैसे गेले कुठे? जुगारात, धंद्यात, कोणा बाईवर? चित्रपट संपतो तरी कळत नाही. कोएन बंधूंनी ते सांगितलेच नाही, आणि तेच बरोबर आहे. अशा माणसांच्या बाबतीत कारण कधी कळतच नाही. फक्त दर वेळी नवी तारीख कळते.

सुरुवातीला फार्गो गावच्या बारमध्ये जेरी दोन गुंडांना भेटतात आणि योजना सांगतात. माझ्या बायकोला पळवा, सासरा खंडणी भरेल, आपण वाटून घेऊ. यावर ते गुंडच विचारतात की सासरा एवढा पैसेवाला आहे तर त्याच्याकडेच का मागत नाहीस? किंवा बायकोकडे? संबंध चित्रपटातला सर्वांत समंजस प्रश्न, आणि तो सुचतो कोणाला, तर या दोघांना. जेरींचे उत्तर असे, की मला पैसे हवेत हे त्यांना ठाऊक नाही, ठाऊक झाले तरी ते देणार नाहीत, आणि शिवाय या आमच्या खासगी बाबी आहेत. स्वतःच्या बायकोच्या अपहरणाचे कंत्राट देताना खासगीपणाची एवढी चाड ठेवणारा माणूस विरळा.

नियम २ : एकाच वेळी दोन उपाय सुरू करावेत आणि एकही थांबवता येऊ नये

जेरींकडे एक बरी योजनाही असते. वाहनतळासाठी एक जागा पाहून ठेवलेली असते आणि तिच्यासाठी सासऱ्याकडून ७,५०,००० डॉलरचे कर्ज हवे असते. एके दिवशी सासऱ्याचा फोन येतो की व्यवहार बरा दिसतो, ये बोलायला. आता अपहरणाची गरजच नाही! जेरी धावत शोरूमच्या मेकॅनिककडे जातात, ज्याने हे गुंड गाठून दिले. तो सांगतो की त्यांच्याशी संपर्क होणार नाही. मोबाइल सर्रास झालेले नव्हते. गुंड गाडीत बसून निघालेले होते.

पुढे बैठकीत कळते की जागा सासऱ्याला आवडली आहे. ती तो स्वतःच घेणार आणि जावयाला दलाली देणार. म्हणजे योजना चालली, फक्त जेरींच्या हातातून गेली. सासरा या प्राण्याचा हा गुणधर्म आहे. जावयाची कल्पना चांगली निघाली तर ती त्याला सुचायलाच हवी होती, आणि वाईट निघाली तर ती जावयाची.

आमचे अण्णा असे नाहीत. ते कल्पना ऐकतात, चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा घालतात आणि म्हणतात, “व्हाउचर आहे का?” यापेक्षा वेड गुस्टाफसन परवडला, असे साडूंचे मत आहे. मी त्यावर काही बोलत नाही.

नियम ३ : राग काचेवर काढावा

त्या बैठकीनंतर जेरी बाहेर येतात. ओसाड, पांढरे वाहनतळ. त्यात एक गाडी. काचेवर बर्फ जमलेला. ते खरवडणी घेऊन काच खरवडू लागतात, मध्येच भडकतात, खरवडणी आपटतात, हातपाय झाडतात. मग दमतात. मग खरवडणी उचलून पुन्हा काच खरवडू लागतात, कारण घरी तर जायचे आहे.

चित्रपटभर हा माणूस खोटे बोलतो. इथे तो बोलत नाही, म्हणून इथे तो खरा आहे. हे पाहताना साडू काहीच बोलले नाहीत.

नियम ४ : आकडा प्रत्येकाला वेगळा सांगावा

गुंडांना सांगावे की खंडणी ८०,००० डॉलर, निम्मे तुमचे. सासऱ्याला सांगावे की दहा लाख. मधल्या रकमेचे काय करायचे ते आपण पाहू.

या हिशेबात एक बारीक फट राहते. दहा लाख म्हटल्यावर सासरा आपले पैसे जावयाच्या हाती देत नाही. जेरी जीव तोडून सांगतात की अपहरणकर्त्यांना माझ्याशीच बोलायचे आहे, पण वेड ऐकत नाहीत. आधी तर पाच लाखांत मिटवता येईल का, असे विचारून पाहतात. मुलगी आपली असली तरी भाव करायची सवय सुटत नाही. मग पैशांची बॅग आणि पिस्तूल घेऊन स्वतःच निघतात आणि वाहनतळाच्या गच्चीवर मरतात. ज्याच्या जबड्याला त्यांची गोळी चाटून गेली, त्या गुंडाला, कार्ल शोवॉल्टरला, बॅग उघडल्यावर कळते की आपल्याला सांगितलेला आकडा खोटा होता.

थोडक्यात, एक आकडा लक्षात ठेवायला कठीण, दोन त्याहून कठीण. बायकोला एक, बँकेला दुसरा आणि मेहुण्याला तिसरा आकडा सांगणाऱ्यांनी निदान वही ठेवावी.

नियम ५ : फोन करण्यापूर्वी सराव करावा

जेरी घरी येतात. बायकोला, जीनला, नेलेले असते. दार फुटलेले, न्हाणीघराचा पडदा ओढून काढलेला. आणि त्या पडक्या घरातून आवाज येतो जेरींचा, सासऱ्याला फोनवर बातमी सांगतानाचा. घाबरलेला, कातर. मग तेच वाक्य पुन्हा, थोड्या वेगळ्या सुरात. मग पुन्हा. तेव्हा कळते की अजून फोन लावलेलाच नाही.

मुलाचीही अशीच तयारी करून घ्यावी. कोणी विचारले तर आई फ्लोरिडाला गेली आहे, असे सांगायला जेरी स्कॉटीला शिकवतात. पोरगे रडत असते. बाप त्याला बरे वाटावे म्हणून काही बोलू पाहतो आणि त्याला एक वाक्य सापडत नाही, कारण जवळची सगळी वाक्ये त्याने आधीच दुसरीकडे वापरलेली असतात.

नियम ६ : “आत विचारून येतो” म्हणावे

हा नियम गुन्ह्याशी संबंधित नाही, परंतु गाडी घेणाऱ्यांनी तो पाठ करावा.

एक जोडपे गाडी न्यायला आलेले असते. किंमत ठरलेली. बिलात मात्र गंज न धरणाऱ्या लेपाचे ५०० डॉलर जास्तीचे. नको म्हटले होते, असे गिऱ्हाईक सांगते. जेरी म्हणतात, तो लेप कारखान्यातच लावून येतो. गिऱ्हाईक तापते. मग जेरी साहेबांना विचारून येतो म्हणून आत जातात, सहकाऱ्याशी रविवारच्या सामन्याच्या तिकिटांवर गप्पा मारतात आणि परत येऊन सांगतात की साहेबांनी आजवर असे कधी केले नाही, पण तुमच्यासाठी १०० डॉलर कमी. गिऱ्हाईक पैसे भरते आणि जेरींना तोंडावर खोटारडा म्हणते. जेरींना वाईट वाटते. खरेच वाटते! त्यांच्या हिशेबाने त्यांनी सवलत दिली होती.

“आत विचारून येतो” हा प्रकार मिनियापोलिसपुरता नाही. तेव्हा पुढील मजकूर गांभीर्याने घ्यावा. एक्स-शोरूम किंमत, नोंदणी आणि कर, विमा, अ‍ॅक्सेसरीज हे चार आकडे वेगवेगळे लिहून मागावेत. जो आकडा लिहून द्यायला विक्रेता कुरकुरतो, तोच काढायला सांगावा. विमा त्यांच्याचकडे घेतला पाहिजे अशी सक्ती नसते. आणि विक्रेता आत गेला की आपणही त्याच्या मागोमाग जावे. तिकिटांचा विषय निघतो का, ते पाहावे.

नियम ७ : गाडीची कागदपत्रे पूर्ण ठेवावीत

गुंडांना दिलेल्या नव्या ओल्ड्समोबिल सिएरावर तात्पुरती क्रमांकचिठ्ठी लावायची राहते, म्हणून ब्रेनर्डजवळ हवालदार ती अडवतो. कार्ल पाकिटातून नोट डोकावू देतो. हवालदार नोट घेत नाही. पुढच्या काही मिनिटांत तो आणि रस्त्याने जाणारे दोघेजण मेलेले असतात.

एका चिकटपट्टीचे काम होते.

नियम ८ : पोलीस सात महिन्यांच्या गरोदर असतील तर सावध व्हावे

सुमारे अर्धा तास उलटला, तीन माणसे मेली, की मग ब्रेनर्डच्या पोलीसप्रमुख मार्ज गंडरसन पहाटे बिछान्यातून उठतात. नवरा नॉर्म आधी अंडी करून खाऊ घालतो. त्या बाहेर जातात आणि परत येतात, कारण गाडी सुरू होत नाही.

या बाईंचा तपास असा. बर्फातल्या पावलांवरून सांगतात की एक मोठा माणूस, एक छोटा माणूस. मग वाकतात, आणि आता ओकारी होणार बहुतेक, असे सहकाऱ्याला सांगतात. मग बरे वाटते आणि भूक लागते. मेलेल्या हवालदाराच्या वहीत गाडीपुढे तीन अक्षरे लिहिलेली असतात. सहकारी त्या अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक शोधत बसतो. त्या अतिशय सौम्यपणे, त्याचा अपमान होणार नाही अशा बेताने सांगतात की ती विक्रेत्याच्या पाटीची खूण असेल. झाले. वाट मोटारविक्रेत्यांकडे वळली.

मार्जबाई जेरींना दोनदा भेटतात. पहिल्यांदा विचारतात, एखादी गाडी कमी आहे का? नाही. बरे. आणि जातात. मधल्या काळात शाळेतला एक जुना ओळखीचा भेटतो, बायको वारल्याचे सांगून रडतो, आणि नंतर एका मैत्रिणीकडून फोनवर कळते की ते सगळे खोटे होते. हा प्रसंग चित्रपटात कशाला, असे पुष्कळांना वाटते. मला वाटते, माणूस रडून, हसून, अगदी आपल्यासमोर बसून खोटे बोलू शकतो हे बाईंच्या मनात तिथे पहिल्यांदा उतरते. त्यानंतर त्या पुन्हा शोरूमला जातात. तोच प्रश्न, त्याच सुरात. गाड्या मोजल्यात का?

येथे जेरी पद्धतीचा उत्कर्षबिंदू आहे. ते चिडून म्हणतात की मोजतो, आत्ताच मोजतो! डोक्यावर टोपी घालतात आणि मोजायला म्हणून जे निघतात ते गाडी काढून पळतातच. बाई खिडकीतून पाहत राहतात.

फ्रान्सिस मॅकडॉर्मंड यांना या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. पटकथेचे कोएन बंधूंना मिळाले. मेसींना नामांकनावर थांबावे लागले. जेरींच्या एकंदर रेकॉर्डला धरूनच झाले म्हणायचे.

नियम ९ : पैसे बर्फात पुरावेत

लांबलचक कुंपण निवडावे, ज्याचे सगळे खांब सारखे असतील. खूण म्हणून काच खरवडायची खरवडणी खोचावी. कार्लने अशी पुरलेली रक्कम चित्रपटात कोणालाच सापडत नाही.

नियम १० : लाकडाचा भुगा करणाऱ्या यंत्राविषयी

येथे मार्गदर्शन केले जाणार नाही. दोन गुंडांत ज्या गाडीवरून भांडण झाले आणि प्रकरण या यंत्रापर्यंत गेले, ती अर्धी-अर्धी करता येत नाही, एवढेच ध्यानी ठेवावे. यंत्र पाहायचेच असेल तर फार्गोच्या पर्यटन केंद्रात ठेवले आहे. लोक त्याच्यासोबत हसून फोटो काढतात.

नियम ११ : सगळे खरे आहे, असे आधीच जाहीर करावे

चित्रपटाच्या आरंभी पाटी येते की ही १९८७ साली मिनेसोटात घडलेली सत्यकथा आहे, हयात असलेल्यांच्या विनंतीवरून नावे बदलली आहेत आणि मेलेल्यांचा आदर म्हणून बाकी सर्व जसेच्या तसे सांगितले आहे. ही कथा अशी कधीच घडलेली नाही. एवढेच कशाला, संकलक म्हणून रॉडरिक जेन्स यांचे नाव झळकते आणि त्यांना ऑस्करचे नामांकनही मिळते. असे कोणी गृहस्थ नाहीत. कोएन बंधूच टोपणनावाने संकलन करतात. जेरींच्या थापा तीन दिवस टिकत नाहीत आणि यांची थाप ऑस्करपर्यंत जाते. फरक एवढाच की यांना आपण काय ठोकून देतो आहोत ते पुरते ठाऊक होते आणि दोघांचा आकडा एक होता.

अपेक्षित निष्पत्ती

मृत्यू सात. त्यात सासरा आहे, आणि जिला शेवटपर्यंत काहीच सांगितले गेले नाही ती जीनही आहे. जेरी बिस्मार्कजवळच्या मोटेलमध्ये, न्हाणीघराच्या खिडकीतून अंतर्वस्त्रांवर पळू पाहताना पकडले जातात. याच चित्रपटात नॉर्मचे बदकाचे चित्र टपाल तिकिटावर छापायला निवडले जाते, पण तीन सेंटच्या. तो खट्टू होतो. मार्जबाई त्याला सांगतात की टपालाचे दर वाढले की लोकांना छोटी तिकिटेच लागतात. दहा लाखांच्या गोष्टीत हे तीन सेंट आठवणीत राहतात.

आता साडूंविषयी. माणूस वाईट नाही, हे लिहून ठेवायला हवं. आमच्या मुलीच्या प्रवेशाच्या वेळी रात्री उशिरा हेच साडू पैसे घेऊन दारात उभे होते. बसलेसुद्धा नाहीत. कुठून आणले ते सांगितलं नाही, आणि आजतागायत परत घ्यायलाही तयार नाहीत. विषय काढला की “होऊन जाईल” म्हणतात. असा माणूस स्वतःसाठी तोंड उघडत नाही आणि दर रविवारी पावसावर बोलतो, याचा मला राग येतो. पाऊस पडो न पडो, बोलतात. अण्णांनाही कळतं. ते चष्मा पुसत वाट पाहत असतात, असा माझा संशय आहे.

म्हणून जेरी पद्धत ज्यांना झेपणार नाही, त्यांच्यासाठी पर्यायी नमुना जोडत आहे. रविवारी खिशात ठेवावा.

परिशिष्ट : अर्जाचा नमुना

ती. स्व. अण्णांस, साष्टांग नमस्कार.

मी अडकलो आहे.

देणे : ____________ (एकच आकडा लिहावा. खाडाखोड चालणार नाही.)

कशासाठी घेतले होते : ____________ (ही ओळ कोरी सोडू नये. चित्रपटात सोडली आहे.)

केव्हा फेडीन : ____________ (“होऊन जाईल” हे उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.)

व्हाउचरे सोबत आहेत. झेरॉक्स नाहीत, मूळ आहेत. रागवायचे असल्यास आत्ताच रागवावे. मी इथेच बसलो आहे, गाड्या मोजायला जाणार नाही.

आपला,
थोरला जावई

प्रत माहितीसाठी : सौ. (यांना आधीच सांगितले आहे.)